ओले हात, दोन सिम आणि सातबारा: कोकणात अँड्रॉइड घ्यावा की आयफोन?

दुकानात फोन हातात घेतला की माणूस आधी कॅमेरा उघडतो. रोजच्या वापरात मात्र गाडं अडतं ते दुसरीकडेच. हाताला मासळीचं पाणी लागलेलं असतं आणि फोन उघडत नाही. खाडीपलीकडच्या वाडीत एकाच कंपनीची रेंज येते. आंब्याच्या पेट्या सुटायच्या दिवशी नव्या फोनवरून मोठी रक्कम जात नाही. इथे कॅमेरा आणि किंमत बाजूला ठेवून या अडचणींच्या अंगानेच दोन्हींकडे पाहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आयफोन एकच कंपनी बनवते, त्यामुळे त्याबद्दल ठामपणे बोलता येतं. अँड्रॉइडवर प्रत्येक कंपनी आपला साज चढवते. शेजाऱ्याच्या फोनवर जे सेटिंग जिथे सापडतं, ते तुमच्या फोनवर तिथेच असेल असं नाही. म्हणून ‘अँड्रॉइड सोपा की अवघड’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर ‘कुठल्या कंपनीचा’ यात असतं.

ओल्या हातांनी फोन उघडणं

साध्या आणि मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनमध्ये बोटाच्या ठशाचा सेन्सर कडेच्या बटणात किंवा काचेखाली असतो. बोट ओलं असलं, पाण्यात राहून सुरकुतलं असलं की दोन्ही चुकतात. काचेखालच्या सेन्सरमध्ये दोन प्रकार आहेत. बोटावर प्रकाश पाडून ठसा टिपणारा ओल्या बोटाला लवकर हरतो. ध्वनिलहरींवर चालणारा बराच तग धरतो, पण तो सहसा महागड्या फोनमध्येच मिळतो. काजू सोलणाऱ्यांची अडचण तर पावसाच्याही पलीकडची. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी सोलवटते आणि ठसाच पुसट होतो. यावर दोन उपाय चालतात. एकच अंगठा दोनदा नोंदवायचा, एकदा कोरडा आणि एकदा किंचित दमट. शिवाय ज्या हाताने काम कमी होतं त्या हाताचं एक बोटही नोंदवून ठेवायचं. बहुतेक फोन चार-पाच ठसे घेतात.

आयफोनमध्ये २०१७ पासून चेहऱ्याने उघडण्याची सोय आहे आणि इथे तो सरळ पुढे आहे. चेहरा अदृश्य किरणांनी मोजला जातो, त्यामुळे वीज गेलेल्या पडवीतही तो उघडतो. आयफोन १२ आणि पुढच्या फोनमध्ये तोंडावर मास्क असला तरी चालतं, फक्त सेटिंग्जमध्ये ते आधी चालू करावं लागतं. पूर्ण हेल्मेट असेल तर मात्र पासकोडच टाकायचा. स्वस्त अँड्रॉइडमध्येही ‘फेस अनलॉक’ लिहिलेलं असतं. पण ते नुसत्या पुढच्या कॅमेऱ्यावर चालतं, अंधारात अडखळतं, आणि बँकांची ॲप त्यावर सहसा भरवसा ठेवत नाहीत.

फोन उघडला तरी काचेवर थेंब असताना बोट कुठे आणि टच कुठे, असा प्रकार दोन्हीकडे होतो. काचेला थेंब आणि बोट यांत फरक कळत नाही, कारण दोन्हींतून वीज वाहते. आलेला फोन उचलायला पडद्यावर बोट सरकवावं लागतं आणि नेमकं तेच ओल्या काचेवर जमत नाही. सॅमसंगमध्ये यावर चांगली सोय आहे: फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘आन्सरिंग अँड एंडिंग कॉल्स’ उघडून आवाज वाढवायच्या बटणाने फोन उचलायचा पर्याय चालू करा. आयफोनवर इतकं साधं काही नाही. ‘ॲक्सेसिबिलिटी’, मग ‘टच’, मग ‘कॉल ऑडिओ राउटिंग’ इथे आपोआप फोन उचलायची सोय आहे. पण ती सगळ्याच फोनना लागू होते, त्यामुळे बाजारात उभं असताना ती त्रासाचीच.

पाण्यापासून संरक्षणाबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. आयपी६८ लिहिलेला फोन गोड्या पाण्यात तपासलेला असतो. समुद्राच्या पाण्याची ती हमी नव्हे. पाणी शिरून झालेलं नुकसान वॉरंटीतही सहसा बसत नाही. खारं पाणी उडालं आणि काच, पाठ कुठेही तडकलेली नसेल, तर त्या जागेवरून साधं नळाचं पाणी फिरवून पुसून घ्यावं. मीठ सुकून आत राहिलं तर चार्जिंगच्या पिना हिरवट-पांढऱ्या पडतात. आयफोन आणि बरेच अँड्रॉइड फोन चार्जरच्या भोकात ओल असली तर इशारा देऊन चार्जिंग थांबवतात. तो इशारा डावलू नका. भोक खाली करून फोन हातावर हलकेच आपटा आणि वारा लागेल अशा जागी ठेवा. तांदळात पुरू नका, कापसाची काडीही घालू नका. जुलैतल्या हवेत पूर्ण सुकायला कधी कधी अख्खा दिवस जातो. बिनतारी चार्जिंग असेल तर पाठ कोरडी करून तेवढ्यापुरतं ते वापरता येतं.

दोन सिम

कोकणात दोन नंबर ठेवणं ही चैन नाही. डोंगर उतरून वाडीत गेलं की एका कंपनीची रेंज जाते आणि दुसरीची येते. अनेक गावांत बीएसएनएलचाच टॉवर जवळ असतो. अँड्रॉइडवाला दोन सिम एकाच ट्रेमध्ये सरकवतो आणि विषय संपतो. भारतात मिळणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये एकच नॅनो सिम बसतं आणि दुसरं ई-सिम (वेगळं कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) करावं लागतं. आयफोन एअरमध्ये तर सिमचा ट्रेच नाही. आयफोन घ्यायचाच असेल तर मोठ्या खासगी कंपनीचा नंबर ई-सिम करा आणि दुसरं सिम ट्रेमध्ये ठेवा.

ई-सिमची खरी अडचण संकटात कळते. जून २०२० मधलं निसर्ग वादळ किंवा जुलै २०२१ मधला चिपळूणचा पूर आठवा. भिजून बंद पडलेल्या फोनमधलं साधं सिम काढून कुणाच्याही जुन्या फोनमध्ये घातलं की नंबर चालू. ई-सिम दुसऱ्या फोनवर न्यायला इंटरनेट लागतं आणि कंपनीची पडताळणीही, म्हणजे नेमकं त्या दिवशी जे नसतं तेच. नातेवाइकांकडे आणि बँकेत दिलेला नंबर साध्या सिमवर असावा, हे आमचं स्पष्ट मत आहे.

जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात रेंज येत नसेल पण वायफाय असेल, तर दोन्हीकडे वायफाय कॉलिंग चालू करून ठेवा. जिओ आणि एअरटेल दोघांचंही चालतं. आयफोनवर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या त्या नंबरखाली ते सापडतं. अँड्रॉइडवर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘वायफाय कॉलिंग’ लिहिणं सगळ्यात जलद, कारण प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या कप्प्यात टाकलंय. दोन्ही सिमना ते वेगवेगळं चालू करावं लागतं आणि बहुतेक जण नेमकं इथेच विसरतात.

यूपीआय आणि हंगाम

पैसे पाठवणं, क्यूआर कोड स्कॅन करणं, पिन टाकणं यात दोन्ही फोनवर काडीचाही फरक नाही. फरक आहे पहिल्या नोंदणीत. यूपीआय ॲपला तुमच्या नंबरवरून बँकेकडे एक एसएमएस पाठवावा लागतो. अँड्रॉइडवर परवानगी दिली की ॲप स्वतः तो पाठवतं. आयफोनवर लिहिलेला एसएमएस समोर येतो आणि पाठवायचा बाण तुम्ही दाबायचा असतो. दोन नंबर असतील तर तो बँकेत नोंदवलेल्या नंबरवरूनच जातोय ना, हे बाण दाबण्याआधी पाहा. चुकीच्या नंबरवरून गेला की नोंदणी फसते. सिमवर एसएमएसपुरता बॅलन्स नसेल तरीही फसते. आयमेसेज, म्हणजे ॲपलची स्वतःची मेसेजची सोय, चालू करताना आयफोन परदेशी क्रमांकावर एक गुपचूप एसएमएस पाठवतो आणि प्रीपेडवर त्याचे काही रुपये कापले जातात. नुसता डेटा पॅक मारलेल्या सिमवर ‘वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन’ दिसत राहतं, ते यामुळेच.

आता हिशेब जोडा. सिम बदललं किंवा साध्याचं ई-सिम केलं की त्या नंबरवरचे एसएमएस साधारण २४ तास बंद राहतात. ओटीपीही येत नाही. त्यानंतर यूपीआय नव्याने जोडलं की काही बँका अँड्रॉइडवर पहिले २४ तास आणि आयफोनवर ७२ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा ठेवतात. म्हणजे ई-सिमसह आयफोनवर जायचं तर चार दिवस मोठा व्यवहार नाही, असं धरून चाला. एप्रिल-मेमध्ये बागायतदाराने, आणि दिवाळीच्या सुट्टीत होमस्टेवाल्याने, हा उद्योग करू नये. पावसाळ्याची सुरुवात किंवा पितृपक्ष बरा.

मराठीत लिहिणं

अँड्रॉइडवर फोनची सगळी भाषा मराठी करता येते, आणि ही सोय २०१४ पासून आहे. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी निवडली की देवनागरी पाटी, इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणारी पाटी आणि बोटाने गिरवायची पाटी, तिन्ही मिळतात. माइक दाबून मराठीत बोललं की ते टाइप होतं. टायपिंगचा कंटाळा असणाऱ्यांना एवढी एक गोष्टही फोन निवडायला पुरेशी ठरते. आयफोनवरही जीबोर्ड बसवता येतो, पण बाहेरून आणलेल्या कीबोर्डला तिथे माइक थेट वापरू देत नाहीत आणि पासवर्डच्या रकान्यात ॲपलचाच कीबोर्ड उघडतो. आयओएस (आयफोनची प्रणाली) १८ पासून लॉक स्क्रीनवरच्या घड्याळाला देवनागरी अंक घेता येतात. ते दिसतात छान, पण त्याने टायपिंग सोपं होत नाही.

दुकानात पाच मिनिटं काढा. प्रत्येक फोनवर ‘दुसऱ्या खळ्यात ॲप उघडलं’ हे वाक्य स्वतः टाइप करून पाहा. ‘ऱ्या’, ‘ळ’ आणि ‘ॲ’ किती बोटांत मिळाले, त्यावर तुमचं उत्तर ठरेल. आयफोनवर ‘जनरल’खालच्या ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये भाषांची यादीही उघडून पाहा.

‘मागे’ कसं जायचं

अँड्रॉइडवरून आयफोनवर आलेला माणूस पहिला आठवडा ‘बॅक’ शोधत असतो. अँड्रॉइडवर उजव्या किंवा डाव्या कुठल्याही कडेवरून बोट ओढलं की मागे जाता येतं. नाही जमलं तर सेटिंग्जमधून (काही फोनवर ‘सिस्टिम’, ‘जेश्चर्स’मधून) खालची तीन बटणं परत आणता येतात. वयस्कर माणसांसाठी ती तीन बटणं आणाच. आयफोनवर डाव्या कडेवरून ओढायचं किंवा वर डाव्या कोपऱ्यातला बाण दाबायचा, आणि तो बाण उजव्या अंगठ्यापासून सगळ्यात लांब असतो.

उलट, आयफोनमध्ये आज शिकलेली गोष्ट पुढच्या वर्षीही बहुधा त्याच जागी असते. गावात एकट्या राहणाऱ्या आजीसाठी आयओएस १७ पासून ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ आहे. त्यात मोठे चौकोन येतात आणि तुम्ही निवडलेलीच ॲप दिसतात. सॅमसंगचा ‘इझी मोड’ त्याच जातीचा, पण थोडा ढिला. त्यात आजी चुकून भलतीकडे जाऊ शकते. मात्र मुंबईच्या मुलाकडे जो फोन असेल त्याच जातीचा फोन आईला द्यावा. फोनवरून ‘खाली डावीकडे गोल दिसतोय का’ हे तोच सांगणार असतो. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवायची सोय दोन्हीकडे आहे. ती वापरताना यूपीआय पिन टाकायचा नाही, आणि अनोळखी माणसाला स्क्रीन कधीच दाखवायची नाही.

सातबारा, फोटो आणि उशिरा येणारे मेसेज

सातबाऱ्याची पीडीएफ अँड्रॉइडवर ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये पडते. तिथून ती पेन ड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सवाल्याला देता येते. आयफोनवर ती ‘फाइल्स’ ॲपमध्ये जाते, पण कधी ‘आयक्लाउड ड्राइव्ह’च्या डाउनलोडमध्ये तर कधी ‘ऑन माय आयफोन’मध्ये. सापडत नसेल तर दोन्ही जागा पाहा. आयफोनचे फोटो मुळात ‘हाइक’ (HEIC) प्रकारात साठतात आणि सरकारी अर्जांना जेपीजी लागतो. ‘कॅमेरा’, ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ निवडून टाका. शेतीची सरकारी ॲप वापरणाऱ्यांनी, उदाहरणार्थ ई-पीक पाहणी, आयफोन घेण्याआधी ॲप स्टोअरवर ते ॲप शोधून खात्री करून घ्यावी. फोटो-फाइल इंटरनेटवर ठेवायला फुकट जागा गूगलकडे १५ जीबी आणि ॲपलच्या आयक्लाउडवर ५ जीबी. गणपतीत तीस माणसं घरात असतात आणि फोन दहा कंपन्यांचे. तिथे आयफोनवरून आयफोनवर थेट फोटो पाठवणाऱ्या एअरड्रॉपची मिजास चालत नाही, गूगल फोटोजची लिंकच कामाला येते.

मेसेज वेळेवर येण्यात आयफोन बिनघोर. स्वस्त अँड्रॉइड बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप बंद करतात आणि बुकिंगचा मेसेज तुम्ही फोन उघडल्यावरच धपकन येतो. व्हॉट्सॲपच्या ॲप माहितीत ‘बॅटरी’ उघडून ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा. ‘ऑटोस्टार्ट’ नावाचा पर्याय असेल तर तोही चालू करा. अपडेटनंतर हे दोन्ही पुन्हा तपासा.

दुरुस्तीचं थोडक्यात: चालू अँड्रॉइडची काच आणि बॅटरी तालुक्याच्या बाजारात तासाभरात बसते. नवीन आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी बसवली तर सेटिंग्जमध्ये ‘अननोन पार्ट’ दिसत राहतं. अधिकृत केंद्र तुमच्या गावापासून किती तास लांब, हे विकत घेण्याआधीच काढून ठेवा.

एकीकडून दुसरीकडे जाताना

अँड्रॉइडवरून आयफोनवर व्हॉट्सॲप न्यायचं तर ‘मूव्ह टू आयओएस’ ॲप लागतं, आणि आयफोन कोरा किंवा पुसून कोरा केलेला हवा. आधी आयफोन सुरू करून बसलात तर पुन्हा पुसावा लागेल. नंबर दोन्हीकडे तोच, दोन्ही फोन चार्जरला, आणि वीज जायची वेळ सोडून. उलट दिशेने नवा अँड्रॉइड पहिल्यांदा सुरू करतानाच केबल जोडून क्यूआर स्कॅन करायचा असतो. विकत घेतलेली ॲप कुठल्याच बाजूने येत नाहीत. जुना फोन लगेच विकू नका. बँक, गॅस आणि वीजबिलाची सगळी ॲप नव्यावर उघडेपर्यंत, म्हणजे आठवडाभर, तो चार्ज करून फडताळात ठेवा.