सोळा चॅनेलचा रडार अॅरे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी आमच्या पुरातत्त्व सर्वेक्षण चमूकडे 400 मेगाहर्ट्झचा, सोळा चॅनेलचा भूभेदी रडार अॅरे आला. भूभेदी रडार जमिनीत रेडिओलहरी सोडतं आणि परतणाऱ्या लहरींवरून न खणता खाली काय आहे ते दाखवतं; अॅरे म्हणजे एकाच पेटीत शेजारी शेजारी बसवलेले अनेक अँटेना, आणि चॅनेल म्हणजे त्यातली एकेक नोंदीची ओळ. त्याआधी सहा वर्षं मी एकच अँटेना ढकलत शेतं पालथी घातली आहेत. पुढचं सगळं त्या तुलनेतून लिहितोय.

जुन्या पद्धतीत आम्ही अर्ध्या मीटरवर ओळी मारायचो. एका हेक्टरला 200 ओळी, म्हणजे 20 किलोमीटर चाल. भिंतींचे पाये, रस्ते, चर सापडायचे. जुन्या इमारतींचे लाकडी खांब जिथे रोवलेले असायचे ते खड्डे मात्र निसटायचे. 30 सेंटिमीटर व्यासाचा खड्डा दोन ओळींच्या मधे पडला, की तो नकाशावर येतच नसे. ओळीखाली आलाच, तर एका छेदात, म्हणजे ओळीखालच्या जमिनीच्या उभ्या चित्रात, पुसटशी कमान दिसायची. ती दगडाची, मुळाची की खड्ड्याची, हे ठरवायला शेजारी दुसरा पुरावा नसायचा.

अॅरेमध्ये चॅनेलमधलं अंतर 8 सेंटिमीटर आहे. तोच खड्डा आता तीन-चार चॅनेलवर उमटतो आणि वरून पाहिल्यावर गोल दिसतो. एका फेरीत सव्वा मीटरचा पट्टा, हेक्टरला ऐंशीएक फेऱ्या, त्याही गाडीमागे ओढून. सगळे वेगाचं कौतुक करतात. मला मोलाची वाटते ती ओळींमधली मोकळी जागा संपल्याची गोष्ट. बऱ्यापैकी कोरड्या मातीत लहर नॅनोसेकंदाला साधारण 10 सेंटिमीटर जाते, म्हणजे 400 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 25 सेंटिमीटरच्या आसपास. तिच्या चौथ्या हिश्श्याच्या जवळपास नोंदी घेतल्या, तरच खोलीवार काप, म्हणजे ठराविक खोलीवरचे वरून पाहिल्यासारखे आडवे नकाशे, नीट जुळतात.

पहिले दोन महिने त्रासाचे गेले. कापांमध्ये सरळ भिंत करवतीच्या दात्यांसारखी दिसायची. कारण शोधायला वेळ लागला. गाडी ताशी 10 किलोमीटरने गेली, तर सेकंदाला पावणेतीन मीटर कापते. उपग्रहावरून येणारी जागेची नोंद आणि रडारची नोंद यांच्यात सेकंदाच्या दहाव्या भागाचा फरक असला, तरी जाताना भिंत 28 सेंटिमीटर एका बाजूला सरकते आणि येताना तेवढीच दुसऱ्या बाजूला. एवढ्या घोळात खांबाचा खड्डा पुरता विरघळून जातो. आता रोज सकाळी ठाऊक असलेल्या एका पाइपवरून दोन्ही दिशांनी गाडी नेतो आणि दोन्ही खुणा एकावर एक येईपर्यंत वेळ जुळवतो. त्याखेरीज काम सुरू करत नाही.

नांगरलेल्या रानात अँटेनाची पेटी आणि जमीन यांच्यात बोटभर फट पडली, तरी बरीच ऊर्जा वरच्या वरच परतते. नांगराच्या तासांना (सऱ्यांना) आडवं गेलो, की कापभर पट्टे उमटतात. म्हणून तासांच्या दिशेनेच चालवतो.

मातीपुढे मात्र कुठल्याच यंत्राचं चालत नाही. एका नदीकाठच्या चिकणमातीत जेमतेम 60 सेंटिमीटरवर संकेत मेला. चिकणमाती वीज वाहून नेते, लहर वाटेतच शोषली जाते. सोळा चॅनेल असोत की शंभर. अशा ठिकाणी आधी एका अँटेनाने दोन-चार चाचणी ओळी मारा आणि मगच अॅरे न्यायचा की नाही ते ठरवा. चुंबकीय मोजणी तिथे जास्त उपयोगी पडते.

अनुकूल जमिनीत काय होऊ शकतं, हे फालेरी नोवीने दाखवलं. इटलीतल्या या रोमन नगराचा 30.5 हेक्टरचा नकाशा 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. देऊळ, बाजार, स्नानगृह, सारं न खणता. नॉर्वेत येलेस्ताडला 2018 मध्ये नांगरटीच्या थराखाली सुमारे 20 मीटर लांबीचं जहाज अशाच मोजणीतून दिसलं. पण डरिंग्टन वॉल्सही विसरून चालणार नाही. स्टोनहेंजजवळच्या त्या जागी 2015 मध्ये रांगेने आडवे पुरलेले दगड असल्याचं जाहीर झालं. 2016 मध्ये खणल्यावर दगड मिळाले नाहीत, खडूच्या भरावाने भरलेले लाकडी खांबांचे खड्डे निघाले. आकार आणि रांग रडारने बरोबर सांगितली होती. पदार्थ कोणता, ते खणूनच कळलं. तेव्हापासून मी अहवालात ‘भिंत’ लिहिण्याआधी थांबतो आणि ‘भिंतीसारखा परावर्तक’, म्हणजे लहर परतवणारी भिंतीसारखी वस्तू, असं लिहितो.

वेळेचा अंदाज हवा असेल तर: एक दिवस शेतात, तीन दिवस संगणकापुढे. विकणारे फक्त पहिला आकडा सांगतात.

पाचव्या महिन्यात आम्ही वाळूमिश्रित मातीच्या एका शेतात गेलो. चार वर्षांपूर्वी याच शेतात मी अर्ध्या मीटरच्या ओळी मारल्या होत्या आणि ‘काही आढळले नाही’ असा शेरा दिला होता. या वेळी 70 सेंटिमीटर खोलीचा काप उघडला, तर समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकी सात काळपट ठिपके, मधलं अंतर सारखं. मी काप वरखाली करून पुनःपुन्हा पाहिला. ठिपके आणखी 30 सेंटिमीटर खाली जाऊन संपत होते. नंतर त्यातले दोन खणले. दोन्ही ठिकाणी कडक पिवळ्या वाळूत गडद, भुसभुशीत मातीचं गोल वर्तुळ निघालं, एकात तळाशी कोळशाचे कण.

त्या शेतात इमारत होती, आणि माझ्या अहवालामुळे तिथे रस्ता आखला जाऊ शकला असता. सध्या तोच शेरा असलेले आमचे जुने अहवाल काढून बसलोय. चिकणमातीच्या जागा बाजूला ठेवल्या आहेत. वाळूच्या नऊ उरल्या, त्यातली पहिली पुढच्या आठवड्यात.