सोमवारची दिल्ली

पावतीवर स्वच्छ लिहिलं होतं: लाल किल्ला दर्शन, लोटस टेंपल दर्शन, अक्षरधाम दर्शन. संध्याकाळी मी गाइडशी भांडायला उभा राहिलो तेव्हा त्याने ती पावती माझ्या हातातून घेतली, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "दर्शन लिखा है भाईसाब. प्रवेश कहाँ लिखा है?" मी गप्प. सुट्टीत दिल्लीला निघालेल्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सगळं घडलं तसं लिहितोय, माझ्या बावळटपणासकट.

आम्ही पाच जण होतो. मी, बायको, आई, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेसने रविवारी सकाळी नवी दिल्लीला उतरलो. लॉज पहाडगंजात, स्टेशनसमोरच. प्रवासाने आईचे पाय सुजले होते, म्हणून तो दिवस झोपण्यात घालवला. (तो रविवार आम्ही झोपून काढला, ही या गोष्टीतली खरी चूक. पण ते तेव्हा कुठे माहीत होतं?) आईला दिल्लीत एकच गोष्ट बघायची होती. दर पंधरा ऑगस्टला सकाळी लवकर आंघोळ उरकून टीव्हीसमोर बसणारी बाई आहे ती. पंतप्रधान झेंडा फडकवतात ती जागा डोळ्यांनी बघायची, बाकी तुम्ही काय बघायचं ते बघा.

संध्याकाळी चहाला बाहेर पडलो. गल्लीत एक गाळा, वर तिरंग्याची पट्टी रंगवलेली, मोठ्या अक्षरांत 'टुरिस्ट इन्फर्मेशन सेंटर' आणि खाली बारीक अक्षरांत 'गव्हर्नमेंट अप्रूव्हड'. आम्ही आपसात बोलत पुढे निघालो होतो. आतून हाक आली, "काय दादा, कुठून आलात?"

मराठीत!

"भुसावळ? अरे वा, केळीवाले! मी दहा वर्षं नाशकात होतो. माउली, तुम्ही बसा आधी." त्याने आईसाठी खुर्ची पुसली, चहा मागवला. दोन दिवस हिंदी ऐकून कंटाळलेली आई खुलली. पाच मिनिटांत तिने त्याला माझा पगार सोडून सगळं सांगून टाकलं. त्याचं मराठी दहा-बारा वाक्यांचंच होतं, त्यापुढे तो हिंदीवर यायचा, हे मला नंतर आठवलं. गुजराती माणूस आला असता तर गुजरातीतली दहा वाक्यंही असणार.

मी म्हटलं, मंगळवारी जावं म्हणतो. तर म्हणाला, "उद्याच जा दादा. आज रविवार, लाल किल्ल्यात मुंगीला शिरायला जागा नाही. सोमवारी अजिबात गर्दी नसते."

खोटं बोलला नाही. सोमवारी लाल किल्ल्यात गर्दी नसतेच. सोमवारी तो बंद असतो.

लोटस टेंपल, अक्षरधाम, नॅशनल म्युझियम, गांधी स्मृती, इंदिरा गांधींचं घर, हे सगळं सोमवारी बंद. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा रोज उघडे असतात. ताजमहाल शुक्रवारी बंद. मोबाइलवर अर्ध्या मिनिटात कळणारी गोष्ट, पण समोरचा माणूस आईला माउली म्हणत असताना मोबाइल काढून त्याची खातरजमा करायला मला लाज वाटली. मोठ्यांचे ४०० आणि मुलांचे ३००, एकूण १८०० रुपये दिले. वर बुधवारच्या आग्रा सहलीचे २००० आगाऊ. पावतीवर आग्र्याच्या खाली 'नॉन रिफंडेबल' असा शिक्का होता. तोही रात्री लॉजवर वाचला.

सोमवारी नऊची बस सव्वादहाला निघाली, कारण ती आणखी चार लॉजांवरून माणसं गोळा करत होती. बसमध्ये आमच्यासारखेच सगळे, बिहार, आंध्र, गुजरात. एकही दिल्लीकर नाही, म्हणजे आज सोमवार आहे हे सांगणारं कुणी नाही. बिर्ला मंदिर झालं. राष्ट्रपती भवन खिडकीतून. इंडिया गेटला वीस मिनिटं. आणि मग बस एका गल्लीतल्या तीनमजली एम्पोरियमसमोर थांबली. तिथे आम्ही तब्बल दीड तास होतो.

हा दीड तास नीट सांगतो, कारण सगळा धंदा तिथे आहे. बसचं भाडं नुसतं गळाला लावलेलं आमिष. ४०० रुपयांत दिवसभर फिरवणं कुणालाच परवडत नाही, फरक या दुकानांच्या कमिशनमधून भरून निघतो. ड्रायव्हर बस बंद करून निघून जातो, एसी बंद, आत बसवत नाही. दुकानात गारवा, पाणी, संडास. म्हातारी माणसं आपोआप आत जातात. नावात 'कॉटेज' हा शब्द आहे. जनपथवर सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज नावाचं खरं सरकारी एम्पोरियम आहे, तिथे किमती ठरलेल्या असतात, घासाघीस चालत नाही. नावातल्या त्या एका शब्दाच्या जोरावर दिल्लीत कितीतरी दुकानं चालतात.

विक्रेत्याने आईच्या खांद्यावर शाल टाकली आणि बायकोकडे बोटातली अंगठी मागितली. शालीचं एक टोक अंगठीत घातलं आणि सर्रकन अख्खी शाल बाहेर ओढली. "पश्मीना है माताजी, कश्मीर का." बसमधल्या बायका थक्क. किंमत ८५००. मी नको म्हटलं की हजार उतरायचे. शेवटी ३८०० वर आलं आणि मला चक्क आपण जिंकल्यासारखं वाटलं. अंगठीतून कुठलीही पातळ शाल जाते हो. नायलॉनची ओढणीसुद्धा जाते, घरी करून बघितलंय.

पैसे यूपीआयने दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाव नाही, एका माणसाचं नाव आलं. बिल म्हणून एक कच्चा कागद, 'शॉल १ नग'. जीएसटी नंबर नाही. मी बँकेत कारकून आहे. दिवसभर लोकांना सांगत असतो की पैसे पाठवण्याआधी नाव वाचा. मी नाव वाचलं, आणि तरी पाठवले.

कुतुबमिनारच्या आधी गाइडने तिकिटाचे म्हणून माणशी १०० गोळा केले, आमचे ५००. आत शिरताना मुलीने फलक वाचला. भारतीयांना तिकीट पस्तीस-चाळीस रुपयांचं आणि १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. "बाबा, आपलं दोघांचं तिकीट नाहीये." मी गाइडकडे वळलो तर तो पुढच्या घोळक्यात शिरलेला. जेवणाचा ढाबा, मग दुसरं एम्पोरियम (तिथे मी बसच्या पायरीवर बसून राहिलो), लोटस टेंपलचं बंद फाटक. अक्षरधाम रस्त्यावरून, पुलावरून कुठेसं दिसलं म्हणे.

सहाच्या सुमाराला बस लाल किल्ल्यासमोर थांबली. पंधरा मिनिटं. आई काठी टेकत उत्साहाने पुढे निघाली. कठड्यापलीकडे ती लाल भिंत, वर झेंडा. फाटक बंद. मुलगा पाटी वाचायला लागला, हिंदीच असल्यामुळे अडखळला नाही, "सोमवार को बंद." आईने विचारलं, "म्हणजे आत नाही जायचं?" कुणी काही बोललं नाही. ती जरा वेळ उभी राहिली आणि मग कठड्याच्या अलीकडूनच तिने हात जोडले. दर्शन.

मंगळवारी सकाळी मी त्या गाळ्यात गेलो. नाशिककर नव्हता. "वो तो छुट्टी पे है." आग्र्याचे पैसे परत नाहीत, शिक्का बघा. बुधवारी आग्र्याला त्यांच्याबरोबर जायचं नाही हे आम्ही ठरवलंच होतं, म्हणजे २००० गेले. सगळे मिळून ८१००.

मग आम्ही मेट्रोने लाल किल्ल्याला गेलो. नवी दिल्ली स्टेशनहून पिवळ्या लाइनने चावडी बाजार, पुढचं चांदनी चौक, तिथून ई-रिक्षा. मेट्रोचं तिकीट माणशी दहा-अकरा रुपये. कुतुबमिनारलाही हीच पिवळी लाइन थेट जाते. आई लाहोरी गेटखाली मान वर करून इतका वेळ उभी राहिली की जवान तिला पुढे व्हा म्हणाला. माहिती हवी असेल तर भारत सरकारचं खरं पर्यटन कार्यालय ८८, जनपथ इथे आहे. राज्यांची एम्पोरियम बाबा खडकसिंग मार्गावर ओळीने आहेत, आपल्या महाराष्ट्राचं 'त्रिमूर्ती'ही तिथेच. हे सगळं मला तिथल्या एका पोलिसाने सांगितलं, दोन दिवस उशिरा.

घरी आल्यावर शालीच्या कडेचा एक दोरा तोडून काडी लावली. लोकर जळली की जळक्या केसांचा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी राख उरते. इथे दोरा आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा, कडक मणी झाला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. बाईंनी नीट ऐकून घेतलं, पक्कं बिल आहे का विचारलं, तक्रार नोंदवून क्रमांक दिला. कच्च्या कागदावर यापुढे काय होणार? आई मात्र ती शाल वापरते. "ऊब तर देते ना," म्हणते. काढताना तिच्या केसांतून चटचट ठिणग्या उडतात.

मागच्या महिन्यात व्हॉट्सअॅपवर एक फुलाफुलांचा शुभेच्छांचा मेसेज आला. खाली वैष्णोदेवीचं पॅकेज, "आपल्या मराठी माणसांसाठी खास सवलत". पावती करताना मीच नंबर दिला होता. मी विचारलं, "दादा, सोमवारी काय काय बंद असतं?" दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून नाही.