लायब्ररीची वेबसाइट बनवताय? मग डेटाटेबल्स बघाच

लायब्ररीच्या साइटवर याद्याच याद्या असतात, जर्नल्स, डेटाबेस, नवीन पुस्तकं, आणि वाचकाला त्यातलं एकच नाव हवं असतं. त्यासाठी डेटाटेबल्स हे जावास्क्रिप्टचं प्लगइन (साइटला जोडायचा तयार कोड) मला खूप आवडतं. साधा एचटीएमएल टेबल असला तरी एका ओळीच्या कोडमध्ये सर्च, सॉर्टिंग, पानं सगळं येतं, फुकट आहे, एमआयटी लायसन्सचं (म्हणजे मोकळेपणाने वापरा, बदला), आणि कोहा या लायब्ररीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही हेच वापरलंय. फक्त जेक्वेरी हा जावास्क्रिप्टचा तयार कोडसंच लागतो आणि याद्या हजारोंच्या घरात गेल्या की सर्व्हर-साइड प्रोसेसिंग (शोधणं, क्रम लावणं सर्व्हरवरच) चालू करा, नाहीतर ब्राउझर सगळ्या ओळी एकदम लोड करत बसतो. टेबलला नीट टीहेड (शीर्षकांची ओळ) द्या, त्याशिवाय नीट चालत नाही.

स्पेलिंग चुकवून शोधणाऱ्यांसाठी फ्यूज.जेएस हे शोधाचं टूल मस्त, लेखकाचं नाव थोडं इकडेतिकडे झालं तरी सापडतं, पण थ्रेशोल्ड (किती चूक चालवून घ्यायची ती मर्यादा) जरा कमी ठेवा, डीफॉल्ट ०.६ वर भलतेच रिझल्ट येतात. उघडण्याच्या वेळा आणि कार्यक्रम दाखवायला फुलकॅलेंडर हे कॅलेंडरचं प्लगइन, मात्र अभ्यासिकांची टाइमलाइन हवी तर ते प्रीमियममध्ये येतं आणि बुकिंगचा बॅकएंड (सर्व्हरवरचा कोड) तुम्हालाच लिहावा लागतो.

शिकायला एमडीएन ही मोझिलाची वेब तंत्रज्ञान समजावणारी साइटच. प्लगइन आधी आणि जावास्क्रिप्ट नंतर असं करू नका प्लीज, फेच (सर्व्हरवरून डेटा आणणं) आणि डॉम (पानाची रचना कोडमधून हाताळणं) कळलं की अर्धी प्लगइन्स लागतच नाहीत. आणि कोडफोरलिब जर्नल नक्की वाचा, २००७ पासून निघतंय, मोफत आहे, लायब्ररीतलेच लोक आपल्या कोडबद्दल मोकळेपणाने लिहितात, एवढं कामाचं वाचन दुसरीकडे क्वचितच मिळतं.