हॅमॉक आणि झाडाचा चीक: 8 महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबरात घेतलेला हॅमॉक आता पावसाच्या तोंडावर धुऊन, वाळवून कपाटात ठेवला. संच साधाच आहे. पॅराशूट नायलॉनचा हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची झोळी, ती झाडांना बांधायला 25 मिलिमीटर रुंदीचे पॉलिएस्टरचे दोन पट्टे आणि वर छतासारखा ताणायचा टार्प, पाणी अडवणारं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग असलेला. 8 महिन्यांत तीसेक रात्री यात काढल्या. कापड, शिलाई, झोप, कशाबद्दलच तक्रार नाही. छळलं ते झाडाच्या चिकाने, आणि घेताना त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

पहिला दणका डिसेंबरात, आजोळी, राजापूरच्या बाजूला. परड्यातल्या फणसाला पट्टा बांधला. शेळ्यांना पाला म्हणून त्याच्या फांद्या नुकत्याच छाटल्या होत्या, हे अंधारात दिसलं नाही. रात्रभर चीक ओघळला आणि पट्ट्यात मुरला. सकाळी मी घाईने पट्टा गुंडाळून हॅमॉकच्याच पिशवीत कोंबला. पुण्याला येऊन पिशवी उघडली, तर पट्टा हॅमॉकच्या कापडाला घट्ट चिकटलेला. ओढला तसे नायलॉनचे धागे उसवून वर आले. ती वीतभर जागा आजही हाताला खरखरीत लागते.

मामीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, पाणी लावू नको हां त्याला. फणस कापताना आपण हाताला काय लावतो? आधी खोबरेल चोळ." आणि तेच लागू पडलं. तेल चोळून पंधरा मिनिटं ठेवलं, मऊ झालेला चीक जुन्या सुती फडक्याने टिपला, मग भांड्यांच्या साबणाने तेल काढलं. तेल पूर्ण निघेपर्यंत दोन-तीनदा धुवावंच लागतं, नाहीतर त्यावर धूळ बसते आणि पट्टा पुन्हा काळा होतो. वाळवायचं सावलीत, कारण उन्हाने नायलॉन कमजोर होतं.

त्यानंतर माझ्या लक्षात आलं, की आपण सरसकट 'चीक' म्हणतो त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघांचं औषध वेगळं. फणस, वड, उंबर यांचा पांढरा चीक वाळला की रबरासारखा होतो, तो पाण्याला दाद देत नाही, त्याला तेल. कडुनिंबाचा किंवा बाभळीचा डिंक मात्र पाण्यात विरघळतो. कोमट पाण्यात तासभर भिजवा, बोटाने निघतो. आणि तिसरी चिडाची, म्हणजे पाइनच्या झाडाची राळ.

राळेची गाठ मेमध्ये हिमाचलात, पालमपूरच्या बाजूला पडली. तिथल्या चिडाच्या झाडांना बिरोजा, म्हणजे हीच राळ, काढायला खाचा पाडतात, त्या झाडांपासून मी लांबच राहिलो. पण दुपारच्या उन्हात वरच्या फांदीवरून राळ ठिबकली आणि टार्पवर मधासारखे सात-आठ थेंब पडले. गावातल्या एका दुकानदाराने थिनरने पुसायला सांगितलं. मी पुसलं. राळ गेली, पण तिच्याबरोबर आतलं कोटिंगही पापुद्र्यासारखं सुटलं. पहिल्याच सरीत तिथून पाणी गळलं. टार्पला थिनर लावू नका, हे मी कळकळीने सांगतो. उरलेले थेंब सकाळच्या गारठ्यात कडक झाल्यावर नखाने टवका काढला तसे उडाले. डाग राहिला तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने गेला, तोही आधी कोपऱ्यावर लावून बघितल्यावर. घरी असाल तर बर्फाचा खडा ठेवला तरी राळ ठिसूळ होते.

पण खरी सोय झाली ती पट्टा सालीला लागूच न देण्याने. आधी गोणपाटाची बाही शिवून त्यातून पट्टा ओवला. चीक अडला, पण गोणपाट दवाने ओलं व्हायचं आणि कुबट वास धरायचं. फेब्रुवारीत जुन्या जीन्सचे पाय गुडघ्याखाली कापले, दुहेरी दुमडले आणि पट्टा त्यातून ओवला. दोन्हींचं वजन 200 ग्रॅमच्या आसपास, शिवण आयती. झाडाला वळसा पडतो तेवढाच भाग झाकायचा. चीक लागला तर जीन्सला लागतो आणि ती वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते. सालही कमी घासते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जीन्स वाळायला वेळ घेते, पण कुबट वासापुढे ते मला चालतं.

पट्टा चिकट राहू देऊ नका, यामागे स्वच्छतेपेक्षा मोठं कारण आहे. चिकात वाळूचे कण बसतात आणि दर झोक्याला आतल्या धाग्यांना कानशीसारखे घासतात. फणसाचा तो पट्टा शिवणीजवळ कडक आणि केसाळ झालाय. अंगाचं वजन मी आता त्यावर टाकणार नाही.

बांधण्याआधी बुंध्यावर हात नाही, टॉर्च फिरवायचा. ताजा घाव, ओघळ, सालीवरचे काळे डाग दिसले की दुसरं झाड. सह्याद्रीच्या कोरड्या जंगलात बिब्बा ओळखायला शिकाच. त्याचा रस अंगावर उततो, फोड येतात, आणि कपड्यावरचा डाग धुऊन जात नाही, म्हणून तर परीट त्याने कपड्यांवर खुणा करायचे. आंबा आणि काजू त्याच कुळातले, त्यांचा चीकही कातडी भाजतो. आंब्याला मी बांधतो, पण कैऱ्या लागल्या की नाही. देठाचा चीक वरून थेट तोंडावर पडतो.

ऑक्टोबरच्या आधी एक नवा पट्टा घ्यायचाय. जीन्सचे पाय तेच राहतील.