शिवसागरावरची शिडाची नौका: कोरडे शौचालय, सौर पॅनेल आणि विजेची मोटर यांचा काही महिन्यांचा अनुभव

पाऊस ओसरल्यापासून मे अखेरपर्यंत सवड मिळेल तेव्हा मी आणि माझे मेहुणे साताऱ्याहून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी असलेल्या तापोळ्याला जातो आणि दोन-चार दिवस शिडाच्या नौकेवर राहतो. नौका सुमारे वीस फुटांची, फायबरची व जुनी असून तिच्या केबिनमध्ये दोघांना झोपता येते. अभयारण्याच्या हद्दीत मुक्काम करता येत नसल्याने रात्री गावाच्या बाजूलाच नांगर टाकतो. पाण्यात काहीही न सोडता पाण्यावर राहता येते का, हे पाहण्यासाठी आम्ही तिच्यावर काही साधने बसवली आणि हा अनुभव त्या साधनांचा आहे. शीड आणि सूर्यप्रकाश यांवर चालते म्हणून नौका आपोआप निसर्गस्नेही होते, हा समज मला आता अर्धाच खरा वाटतो. ऊर्जेचा प्रश्न एकदा पैसे खर्च करून सुटतो. मैला, साबण आणि खरकटे यांचा प्रश्न मात्र रोज नव्याने सोडवावा लागतो.

कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. यातील बरेचसे पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून पश्चिमेला जाऊन वाशिष्ठीला मिळते. पूर्वेकडे सोडलेले पाणी कोयनेच्या पात्रातून कराडला कृष्णेत येते, आणि तेच पुढे सांगलीकर पितात व टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांमधून शेतीला जाते. माझी बहीण सांगलीत राहत असल्याने हा विचार मला केवळ तात्त्विक वाटत नाही. एवढ्या अफाट पाण्यात दोन माणसांच्या घाणीने काय बिघडणार, असे काही जण विचारतात. परंतु नौका उभी राहते ती जलाशयाच्या मध्यावर नव्हे, तर काठालगतच्या एखाद्या अरुंद फाट्यात, जिथे पाणी जवळजवळ स्थिर असते, उन्हाळ्यात उथळ होते आणि जिथे गावची गुरे पाण्यावर येतात. समुद्रातील मोठ्या जहाजांना प्रक्रिया न केलेले मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडे सोडण्याची मुभा मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारात आहे. इथे काठ कुठूनही एवढा दूर असूच शकत नाही.

म्हणूनच आमच्या सर्व खरेदीत मी पहिला क्रमांक कोरड्या शौचालयाला देतो. समुद्रावरील नौकांमध्ये पंपाने पाणी ओढून मैला बाहेर टाकणारे किंवा टाकीत साठवणारे शौचालय असते. आम्हाला पहिला प्रकार नको होता, आणि दुसऱ्यासाठी ती टाकी उपसून घेण्याची सोय लागते. आम्ही सुताराकडून मरीन प्लायवूडची पेटी करून घेतली आणि तिच्यावर मूत्र व मैला वेगळे करणारी बैठक बसवली. दुर्गंधीचे मुख्य कारण ही दोन्ही एकत्र येणे हे आहे, कारण मैल्यातील जिवाणूंमुळे मूत्रातील युरियाचा अमोनिया होतो. दोन्ही वेगळी राहिली आणि प्रत्येक वापरानंतर मैल्यावर मूठ-दोन मुठी कोरडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकले, तर बंद केबिनमध्येही वास जाणवत नाही. पेटीतील ओल आणि हवा बाहेर काढण्यासाठी संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा छोटा पंखा अखंड चालू ठेवतो आणि त्याला लागणारी वीज नगण्य आहे.

अशा बैठकींची परदेशी माहितीपत्रके ज्या मुद्द्यावर गप्प असतात, तो म्हणजे धुण्याचे पाणी. कागद वापरणाऱ्यांसाठी तयार केलेल्या या बैठकीत आपल्या सवयीप्रमाणे पाणी वापरले, तर कोरडे राहायला हवे ते सगळे चिखल होऊन बसते. आपल्याकडच्या इकोसॅन, म्हणजे मूत्र व मैला वेगळे ठेवून त्यांचे खत करणाऱ्या, शौचालयांच्या भांड्यात धुण्याच्या पाण्यासाठी वेगळी, तिसरी वाट ठेवलेली असते. तमिळनाडूतील मुसिरी येथील सार्वजनिक इकोसॅन शौचालये बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतील. तीच कल्पना घेऊन आम्ही शेजारी वेगळे भांडे आणि त्याखाली झाकणाचा कॅन बसवला. थोडे सरकून बसावे लागते, पाहुण्यांना एकदा नीट समजावून सांगावे लागते, आणि मेहुण्यांना ही व्यवस्था अजूनही फारशी पसंत नाही, हेही नमूद करतो.

मूत्राचा पाच लिटरचा कॅन दोघांच्या वापरात साधारण दोन दिवसांत भरतो. मूत्रात नत्राचे प्रमाण मोठे असल्याने त्यात दहापट पाणी मिसळून ते साताऱ्याजवळच्या आमच्या रानातील आंब्याच्या झाडांना घालतो. मैल्याची बादली घट्ट झाकण लावून गाडीतून तिथेच नेतो आणि विहिरीपासून लांब, झाकलेल्या खड्ड्यात रिकामी करतो. आपल्यासारख्या उष्ण हवेत असा मैला वर्षाहून अधिक काळ साठवून मगच वापरावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ज्यांना अशी जमीन उपलब्ध नाही, त्यांना मी हे शौचालय सुचवणार नाही.

साबणाच्या बाबतीत बाजारातील शब्दांवर विसंबू नये. ‘जैवविघटनशील’ असे लिहिलेला साबण विघटित होण्यासाठी मातीतील जिवाणू आणि वेळ लागतो. थेट पाण्यात सोडला की तोही प्रदूषकच असतो. रिठा नैसर्गिक असल्याने निर्धोक असेल, असे वाटू शकते. परंतु त्याला फेस आणणारी सॅपोनिन द्रव्ये माशांना विषारी असतात. आमची भांडी आधी राखेने कोरडी पुसली जातात, मग अगदी थोड्या पाण्याने विसळली जातात, आणि ते पाणी कॅनमध्ये साठवून काठापासून किमान ६० मीटर आत मातीत ओतले जाते. नळाऐवजी पायपंप बसवल्यापासून पाण्याचा वापर लक्षात येण्याइतका घटला, त्यामुळे वाहून न्यायचे सांडपाणीही कमी झाले.

विजेसाठी १०० वॉटची दोन पॅनेल आणि १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. बॅटरीत सुमारे १.२८ युनिट वीज मावते. दिवे, पंखा आणि मोबाइल यांना ती मुबलक आहे, खरा खर्च मोटरचा. शिडाची आणि डोलकाठीची सावली पॅनेलवर पडतेच, म्हणून ती दोन बाजूंना बसवून समांतर जोडली आहेत. एकसर जोडली असती तर एकावरच्या सावलीने दोन्हींची वीज घटली असती.

एक किलोवॉटची विजेची आउटबोर्ड (नौकेच्या मागे बाहेरून लावायची) मोटर पूर्ण वेगाने चालवली तर बॅटरी तास-सव्वातासात संपते. परंतु पाणी कापत जाणाऱ्या नौकेला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की शक्ती सुमारे एक अष्टमांश पुरते. सावकाश जाण्याची तयारी असेल तर हीच बॅटरी कित्येक तास साथ देते. नौका धक्क्यावरून काढणे, वारा पडल्यावर मुक्कामी परतणे यासाठी ती उत्तम आहे. डोंगरावरून झोताने उतरणाऱ्या दुपारच्या वाऱ्याविरुद्ध मात्र तिचा भरवसा धरू नये. अशा वेळी शीड आखूड करून तिरके-तिरके जाणे अधिक सुरक्षित असते. तापोळ्याचे लाँचवाले आमच्या मोटरचा आवाज ऐकून हसतात, किंबहुना आवाज येत नाही म्हणून हसतात. प्रवासी आणि तराफ्यावरच्या गाड्या घेऊन वर्षभर ये-जा करणाऱ्यांना तिचा उपयोग नाही, हे मला मान्य आहे.

नौकेच्या बुडाला लावायचा तांबेयुक्त रंग आम्ही वगळला. तो समुद्रातील कवचधारी जीव चिकटू नयेत म्हणून असतो; गोड्या पाण्यात फक्त शेवाळ धरते आणि ते फडक्याने निघते. यापूर्वीचे ट्रायब्युटिल्टिन हे कथिलाचे विषारी संयुग असलेले रंग तर इतके घातक ठरले की २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्यांवर बंदी आली आणि हा करार २००८ मध्ये अमलात आला. फायबरचे अंग मात्र कधीच कुजणार नाही. म्हणून नवी बांधून घेण्यापेक्षा जुनी नौका दुरुस्त करून वापरणे मला योग्य वाटले.

जूनच्या आधी नौका पाण्याबाहेर काढावी लागते. लिथियम बॅटरी पूर्ण भरून महिनोन्‌महिने पडून राहणे तिच्या आयुष्याला चांगले नसते, त्यामुळे ती घरी आणून छोट्या इन्व्हर्टरला जोडतो आणि पावसाळ्यात साताऱ्यात वीज गेली की राउटर व दोन दिवे तिच्यावर चालतात.