सावंतवाडीची दशावतारी गंजिफा: पेटी बंद करण्याआधी १२० पानं मोजून घ्या

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, विकत मिळते आणि तिथल्याच दरबार हॉलमध्ये कारागीर ती रंगवताना दिसतात. खरेदीआधी थोडा वेळ तिथे थांबावं. तळहातात मावणाऱ्या गोल पानावर कूर्माची दश्शी काढायची म्हणजे दहा कासवं: प्रत्येकाचे पाय, डोकं, पाठीवरच्या रेघा, आणि सगळी एकमेकांना न चिकटता बसवायची. हे पाहिलं की किमतीवर घासाघीस करायला तोंड उघडत नाही. संच उत्तमच असतो, पण तो नेमका कशासाठी हवा हे आधी ठरवावं.

ही कार्यशाळा उभी राहिली ती सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी राजमाता सत्त्वशीलादेवी यांच्यामुळे. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांच्या कन्या. याच महाराजांच्या काळात १९४९ साली सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि १९५० मध्ये तिथे ललितकला शाखा सुरू झाली. चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवत. अशा माहेराहून आलेल्या राणीने भिंतीवर नामवंतांची चित्रं लावली असती तरी लोकांनी कलाप्रेमी म्हटलंच असतं. त्यांनी १९७० च्या दशकात गंजिफा करणाऱ्या उरल्यासुरल्या चितारींकडे, म्हणजे पिढीजात चित्रकारांकडे, मोर्चा वळवला. पुंडलिक चितारी हे त्यांतले जाणते. त्यांच्याकडचं काम नव्या हातांना शिकवलं गेलं आणि तीच चित्रं डब्या, ट्रे, टेबलं यांवरही आली. या दुसऱ्या निर्णयामुळेच कारखाना टिकला. फक्त पत्ते विकून इतक्या जणांचं पोट भरलं नसतं. राजमाता २०१८ मध्ये गेल्या, काम चालू आहे.

आता संच. दशावतारीत दहा रंग, म्हणजे इस्पिक-बदामासारखे गट, एकेका अवताराचा एकेक; प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, म्हणजे बारा पानं. एकूण १२०. गंजिफेच्या इतर प्रकारांपैकी नवग्रहीत १०८, आठ रंगांच्या चंगकांचनीत ९६. दुकानातच चादरीवर किंवा टेबलावर दहा ढीग लावून प्रत्येकात बारा पानं आहेत ना ते बघा. मत्स्याचा मासा, परशुरामाचा परशू, कल्कीची तलवार ओळखायला सोपी जातात, शिवाय गटागणिक चित्रामागची जमीनही वेगळ्या रंगाची असते. दशावतारी नाटकं बघत वाढलेल्या कोकणी पोराला यात काही शिकवावं लागत नाही.

मोजून झालं की सगळी पानं पालथी घाला. ही पाहणी बहुतेक गिऱ्हाइकं करतच नाहीत. पाठ एकाच रंगाची, कोरी आणि एकसारखी हवी. एखादं पान मागाहून करून घातलेलं असेल तर त्याची छटा किंचित वेगळी दिसते, आणि मग समोरच्याच्या हातातला राजा पाठीवरूनच ओळखू येतो. खेळायचा संच तिथेच बाद. नंतर कडेवरून नख फिरवा. जुन्या पद्धतीत सुती कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप देऊन घोटतात. खळ कमी पडली असेल तर थर कडेलाच सुटायला लागतात. शेवटी दोन पानं तोंडाला तोंड लावून हलकेच दाबा आणि उचला. ‘चट्’ असा आवाज आला तर रोगण पुरतं वाळलेलं नाही. असा संच पेटीत भरून नेला तर पानं एकमेकांचा रंग उचलतात.

इतर दुकानांतून घेताना मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. दहाही मासे हुबेहूब सारखे असतील तर ती छपाई. छपाईला नाव ठेवायचं कारण नाही, फक्त हाताच्या कामाचे पैसे देऊ नका. दरबारी प्रकारात कड आणि वेलबुट्टी जास्त असते, बाजारीत काम साधं. खेळायला बाजारीच बरी, चिन्हं पटकन मोजता येतात.

पण खेळणार कोण, हीच खरी अडचण. आश्रयाने चित्र जगलं, डाव मात्र मागे पडला. तिघे बसतात, प्रत्येकाला ४० पानं. गोल पत्ते पिसता येत नाहीत, पालथे पसरून हाताने कालवावे लागतात. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करतो, म्हणजे पहिलं पान टाकतो, रात्री कृष्णाचा. एका रंगाने दुसरा कापता येत नाही, त्यामुळे कोणती पानं पडून गेली हे लक्षात ठेवण्यावरच सगळं चालतं. त्यात अर्ध्या रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, अर्ध्यांत एक्का. नवखे इथेच हरतात. संच घेताना नियमांचा कागद मागून घ्या आणि कोणते पाच रंग उलटे चालतात ते तिथल्या जाणत्याकडून त्यावर लिहवून घ्या.

कोकणात ठेवायचा तर पावसाळ्याचं बघा. दमट हवेत पान बाक धरतं, कारण दोन्ही बाजूंचं रोगण सारख्या जाडीचं नसतं आणि कमी जाड बाजू ओल जास्त ओढते. पेटी प्लॅस्टिकमध्ये करकचून बांधू नका, आतल्या आत बुरशी येते. सिलिका जेलची पुडी ठेवा, उघडीप मिळाली की पानं सावलीत पसरा. खळीला कसर ही कीड लागते, म्हणून पेटी फडताळाच्या तळाशी नको. रोगण लाखेचं असेल तर स्पिरिटने विरघळतं: सॅनिटायझर लावलेल्या हाताने पान धरलं की बोटाचा ठसा कायमचा. पुसायचं ते कोरड्या मऊ फडक्यानेच. सरकत्या झाकणाची पेटी उन्हाळ्यात घेत असाल तर झाकण जरा सैलच घ्या, आषाढात लाकूड फुगून ते अडकतं.

तिघे जमणार नसतील तर पूर्ण संचावर खर्च करू नका. ट्रे किंवा डबी घ्या, हात त्याच कारागिरांचा असतो. लाकडी फळं हवी असतील तर त्यासाठी गावातली चितार आळी. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे, राजवाड्यापर्यंत रिक्षा करावी लागते.