बीएलडीसी पंखे, सात महिने: बिल उतरलं, पण भिंतीवरचा रेग्युलेटर परत हवाय

गुढीपाडव्याला तीन बीएलडीसी पंखे (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे, कमी वीज खाणारे) घेतले, दोन हॉलमध्ये आणि एक आईच्या खोलीत. प्रत्येकी ३,०५० रुपये. २८ वॅट, पाच स्टार, रिमोट वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते परत लिहीत नाही. आम्ही जळगावात, वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट स्लॅब. मार्च ते ऑक्टोबर आमच्याकडे पंखा बंद होतो तो फक्त लाइट गेल्यावर.

आधी पैशाचं सांगतो, कारण पंखे त्यासाठीच घेतले. गेल्या वर्षी मे महिन्याचं बिल ३४१ युनिटचं होतं, यंदा २७८. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की तीनशेच्या आत आलो म्हणून सगळेच युनिट स्वस्त झाले. ते चूक होतं. बिल समोर घेऊन बसलो तेव्हा कळलं की पहिले १०० युनिट त्यांच्याच दराने लागतात, १०१ ते ३०० त्यांच्या दराने, आणि महाग दर फक्त तीनशेच्या वरच्या युनिटांना. तरी फायदा मोठा आहे, कारण वाचलेले ६३ युनिट सगळे वरच्या टोकाचे, त्यातले ४१ तर तीनशेच्या वरच्या महाग दराचे. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा, दर युनिटमागे लागणारा) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून त्या एका महिन्यात हजाराच्या आसपास सुटले. स्थिर आकार तेवढाच राहतो, त्याला पंख्याचं काही देणंघेणं नाही.

पण बिलावर माझा पूर्ण विश्वास बसेना. त्याच मार्चमध्ये गच्चीला चुना मारला होता, त्यामुळे कूलर कमी चालला. मग बचत पंख्याची किती आणि चुन्याची किती? म्हणून एका रविवारी फ्रिज, राउटर, टीव्ही, सगळं बंद केलं, आमच्या खोलीतला जुना पंखा तेवढा फुल्ल ठेवला, आणि मुलाला मीटरपाशी उभं केलं. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स असं छापलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. दहा मिनिटांत तो ४१ वेळा लुकलुकला. जुना पंखा बंद करून हॉलमधला एक नवा फुल्लवर लावला तर १६ वेळा. हिशोब केला तर जुना ७७ वॅटच्या आसपास आणि नवा ३०. नवा तीनवर ठेवला तर दहा मिनिटांत ८.

खरा धक्का पुढे बसला. जुना पंखा निम्म्या गतीवर ठेवून मोजलं तर तरीही ३३! त्याचा रेग्युलेटर तो जुना मोठा चौकोनी डबा आहे, हात लावला तर कोमट लागत होता. म्हणजे इतकी वर्षं रात्री पंखा हळू करून वीज वाचतेय असं आम्ही धरून चाललो होतो, आणि ती डब्यात उष्णता होऊन जात होती. ज्यांच्याकडे अजून तो डबा आहे त्यांनी पंखा बदलायच्या आधी निदान तो बदलून छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावावा. त्याला दोन-तीनशेच रुपये लागतात.

इन्व्हर्टरचा फायदा तर मी धरलाच नव्हता. लाइट गेली की जुने पंखे इन्व्हर्टरवर घूं घूं करायचे, आता आवाज नाही. बॅटरी तीच, पण पूर्वी अडीच तासांत मान टाकायची, ती आता पाच तास सहज जाते. मे महिन्यातल्या एका रात्री एक वाजता लाइट गेली ती पहाटेच आली, आणि घरात कोणी उठलं नाही. त्या रात्री हे पंखे मला मनापासून आवडले.

आता रिमोट.

माझी आई ७६ वर्षांची आहे. दारातून आत आलं की उजव्या हाताला बोर्ड, त्यावर रेग्युलेटर, ही तिची चाळीस वर्षांची सवय. रात्री दोनला गारठा वाटला तर अंधारात भिंत चाचपत जायचं, टक् टक् दोन घरं मागे, परत येऊन झोपायचं. चष्मा नको, दिवा नको. आता त्या जागी झाकणाची पट्टी आहे आणि हातात बारा बटणांचा रिमोट. तो उशीखालून घसरतो, पलंगामागे पडतो. अंधारात बटणं सगळी सारखी लागतात, गती कमी करायला जावं तर टायमर लागतो आणि तासाभराने पंखा बंद. श्रावणात एका सकाळी तिच्या खोलीत गेलो तर पंखा पाचवर भन्नाट सुटलेला आणि ती गोधडी डोक्यावरून घेऊन मुटकुळं करून पडलेली. रिमोट मिळाला नाही म्हणून रात्रभर तशीच होती. म्हटलं, हाक का नाही मारलीस? तर म्हणाली, "तुला कशाला उठवू, सकाळी कामावर जायचं असतं तुला."

खटका बंद करायचाही तिने प्रयत्न केला होता. पण मग पंखा पूर्णच बंद, आणि पुन्हा चालू केला की परत पाचवरच. मधलं काही नाहीच. हॉलमध्ये वेगळीच तऱ्हा. दोन्ही पंखे एकाच रिमोटला ओ देतात. सोफ्यावरचा कमी करायला गेलं की जेवणाच्या टेबलावरचाही कमी होतो. एकाच घरात दोन पंखे लागतात हे बनवणाऱ्यांना माहीत नसेल का?

आषाढात आईच्याच खोलीतला पंखा गेला. लाइट जाऊन झटक्यात आली आणि त्यानंतर रिमोट दाबला की नुसतं 'टिं' वाजे, पातं हलेना. तीन तक्रारी नोंदवल्या, नवव्या दिवशी माणूस आला. तेवढे दिवस आई हॉलमध्ये झोपली. त्याने भिंतीवरचा बोर्ड उघडला आणि सांगितलं की रेग्युलेटर लाइनमध्येच आहे, वॉरंटी बसत नाही. मी खूप भांडलो. दुकानानेच पाठवलेल्या वायरमनने हॉलमधले दोन्ही रेग्युलेटर काढले होते, इथला मात्र तसाच ठेवला होता. मला वाटलं, पैसे उकळायचा बहाणा आहे. पण नंतर माहितीपत्रक वाचलं, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आणि कारणही पटलं. या पंख्यात मोटर चालवणारं सर्किट आहे, त्याला पूर्ण व्होल्टेज लागतं. रेग्युलेटर ते कापून देतो आणि सर्किट हळूहळू मरतं. आईने सवयीने तो फिरवला असणारच. तेव्हा माणूस खरं बोलत होता. पण ही गोष्ट वायरमनला माहीत नसावी आणि गिऱ्हाइकाला पंखा जळल्यावर कळावी, हे मला अजूनही मान्य नाही. पंख्यातल्या सर्किटचे ९५०, भेटीचे ३५०. मे महिन्याची बचत तिथेच गेली. झाकणाची पट्टी तेव्हा आली.

ते १,३०० वजा केले तर सात महिन्यांत पावणेतीन हजारांच्या आसपास हातात राहिले, त्यात थोडा वाटा चुन्याचा. पंखे फिटायला अजून दोन उन्हाळे लागतील असं दिसतंय. तरी परत साधे पंखे लावणार नाही. पुसताना जुन्या पंख्याची मोटर हाताला चटका द्यायची, यांची जेमतेम कोमट लागते. ती सगळी उष्णता आम्ही विकत घेत होतो.

आमच्या खोलीतला चौथा, जुना पंखा बदलायचा होता. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टारचं लेबल सक्तीचं झालंय, त्यावर वॅटबरोबर एका वॅटमागे हवा किती तेही असतं. दोन्ही आकडे बघून घ्या, नुसते कमी वॅट बघून घेतलेला पंखा हवाच कमी टाकत असेल तर उपयोग नाही. पण त्या लेबलवर पंखा भिंतीवरून चालतो की रिमोटवर, हे कुठेच नसतं. परवा दुकानात मुद्दाम विचारलं, तर भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारा बीएलडीसी आता मिळतो. ३५ वॅटचा आहे, म्हणजे सात वॅट जास्त. रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला दोन युनिट.

तो घेतला. काल वायरमन येऊन गेला. आईच्या खोलीत नवा लावला आणि तिचा रिमोटवाला आमच्या खोलीत आणला. संध्याकाळी ती दोनदा आत जाऊन रेग्युलेटर फिरवून आली.